निळी जाळी

वरून पहिला थर

मडकं फुटलं नाही.

रंगराव वस्तादांनी काठी खांद्यामागून आणली, पाय आखाड्याच्या तांबड्या मातीत रोवले आणि असा वार घातला की तालमीच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. मडकं लाकडी ठोकळ्यावर उपडं ठेवलेलं. त्याच्यावर मी केलेली टोपी. काठी टोपीवर बसली, टोपी दबली, मडकं चार बोटं सरकलं आणि तिथंच थांबलं.

मारुती नावाचा वस्तादांचा जुना पठ्ठ्या पुढं आला. त्यानं टोपी उचलली, मडकं कानाशी धरून बोटानं वाजवलं. टण्ण.

"आयला! वाचलं की!"

पन्नास-साठ माणसं जमली होती. शिट्ट्या झाल्या. खंडेनवमीची सकाळ. भिंतीला टेकवलेल्या काठ्या, पट्टे, ढाली यांच्यावर झेंडूच्या माळा, कुंकवाचे ओले ठिपके. वस्तादांनी टोपी उलटी करून आत बघितलं. बाहेरून पातळ कवच, आत करड्या प्लास्टिकची जाळी, मधाच्या पोळ्यासारखी, पण सगळीकडून आरपार.

"ह्यात हाय काय गं पद्मा? सगळी भोकंच की."

"काम भोकांचंच आहे, वस्ताद. वार आला की काड्या वाकतात, दुमडतात, भोकांत शिरतात. जोर त्यातच खर्ची पडतो."

"म्हंजे माझा जोर भोकात गेला म्हण."

हशा पिकला. वस्तादही हसले. वर्षभरात त्यांना हसताना कुणी बघितलं नव्हतं.

मीही हसले. पाठीवर सॅक होती, तिचा पट्टा नीट केला.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

दुसरा थर

आदल्या दसऱ्याला किरण सुतार गेला होता. दवाखान्यात नऊ दिवस काढून. त्याच्या डोक्यात बसलेली काठी माझ्या भावाची होती.

धैर्यशील तेव्हा एकवीसचा. सराव चालला होता. किरणचा पाय घसरला आणि खांद्यावर उतरायचा वार डोक्यावर उतरला. एवढंच. तालमीत कुणी टोपी घालत नसे. टोपी घातली की माणूस अंग चोरायचं विसरतो, असं वस्ताद म्हणायचे.

बाराव्यानंतर किरणचे वडील आमच्या दारात आले. हातात धैर्याची काठी. धुऊन, तेल लावून आणलेली. दाराशी उभी केली आणि निघून गेले. आई हुंदके देत होती. धैर्या काठीकडं बघत राहिला.

"ताई, लोक म्हणत्यात नारळासारखा आवाज येतो," तो रात्री जेवताना म्हणाला. "न्हाई येत. वलं कापड दगडावर आपटल्यागत येतो."

मग तो स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायला लागला. रागानं नाही, मोजून. दहा झाले की थांबायचा. मी उशी धरली तर उशी बाजूला करायचा. एकदा भिंतीवरच्या डागावर मी ओला फडका फिरवत होते, तेव्हा तो मागून म्हणाला,

"तू तिकडं गाड्यांच्या बंपरसाठी जाळ्या करतीस, ते डोक्यासाठी कर की."

"करते."

"लवकर कर."

तिसरा थर

मी एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होते. प्रिंटरवर रबरासारख्या प्लास्टिकच्या जाळ्या छापायच्या, उंचावरून वजन पाडून त्या चिरडायच्या, आणि खालच्या सेन्सरपर्यंत किती जोर पोचला ते लिहायचं. पाच किलोन्यूटनच्या वर आकडा गेला की कवटी गेली, असं आम्ही धरायचो.

वजन पाडायचा मनोरा मला रोज फक्त सकाळी दहा ते अकरा मिळायचा. बाकी वेळ तो विद्यार्थ्यांचा. म्हणून रोज एकच फटका. चार महिने. काडी जाड केली, बारीक केली, तिरकी केली. शेवटी सात थरांची जाळी जमली. टोपीतून ती काढता-घालता यायची.

त्या प्लास्टिकची एक खोड होती. चिरडलं तरी मिनिटाभरात फुगून पहिल्यासारखं दिसायचं. दिसायचं फक्त. काड्या आतून थकलेल्या असायच्या, आणि पुरत्या सावरायला त्यांना एक दिवस लागायचा. मला त्याची अडचण कधी जाणवली नाही. दुसरा फटका असायचाच दुसऱ्या दिवशी. वहीत वरती मी छापूनच ठेवलं होतं: विश्रांती चोवीस तास.

वस्तादांचा वार मोजायला मी सेन्सर लावलेली फळी घेऊन तालमीत गेले होते.

"कसा मारू?"

"माणसाला मारता तसा."

"माणसाला?" त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "बरं."

टक्-टक्.

"घेतलंस?"

"घेतलं."

घरी येऊन आलेख बघितला. दोन सुळके. पहिला उंच, दुसरा जवळपास तेवढाच, पाऊण सेकंदानं. फळी उसळली असणार, मी म्हटलं. दुसरा सुळका कापून टाकला. आलेख छान दिसायला लागला.

चौथा थर

"तर मग," वस्ताद म्हणाले, "आता रीत."

शिट्ट्या थांबल्या.

आमच्या तालमीची रीत सगळ्यांना पाठ. नवी ढाल आखाड्यात आली की ज्यानं ती केली त्यानं ती धरून पहिला वार झेलायचा. लोहार असो, चांभार असो. त्यातून उभा राहिला तर ढाल तालमीची. माझ्या पणजोबांच्या वेळी एका लोहाराचा हात कोपरापासून गेला, ती ढाल अजून भिंतीवर आहे. वाकलेली. तिलाही माळ घालतात.

"मी उभी राहते," मी म्हणाले. ठरवूनच आले होते. आज ही टोपी पास झाली की उद्यापासून कुणी उघड्या डोक्यानं आखाड्यात उतरणार नाही, असं वस्तादांनी चारचौघांत कबूल केलं होतं. तालमीत काठी शिकणाऱ्या मुली होत्या चौदा. नववीतल्या, दहावीतल्या.

"ती न्हाई." धैर्या माणसांतून पुढं आला. वर्षभर त्यानं आखाड्याच्या मातीला पाय लावला नव्हता. "मी."

"केली कुणी?" वस्ताद म्हणाले.

"तिनं. पर रक्ताचा चालतो. लोहाराच्या जागी त्याचा भाऊ उभा ऱ्हायला हुता एकदा. तुम्हीच सांगितलंय."

"धैर्या, गप बस," मी म्हणाले.

"ताई, तू सर."

"मी केलीय, मी घालणार."

"आणि किरण्याला मारला कुणी? तू?"

तो हे मोठ्यानं बोलला. गर्दीच्या कडेला किरणचे वडील उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

वस्तादांनी काठी जमिनीवर टेकवली. "पद्मा, तुझ्या टोपीवर तुझा भरवसा हाय न्हवं?"

"आहे."

"मी वार आखडता घेणार न्हाई. आखडता घेतला तर तुझ्या ढालीचा अपमान. आणि उद्या एखादी पोर मरंल."

"मारा," मी म्हणाले आणि धैर्याच्या वाटेतून बाजूला झाले.

सहावा थर

जाळी वरून खाली शिस्तीत दबत नाही. जो थर कच्चा तो आधी जातो, एखादा मधलाच अडून राहतो. पाचवा थर अडलाय. तो नंतर.

धैर्या आखाड्याच्या मधोमध उभा राहिला. रीतीप्रमाणे हात पाठीमागं. मी त्याच्या हनुवटीखालचा पट्टा आवळला. त्याची मान घामानं भिजली होती. मी चार पावलं मागं आले.

वस्तादांनी देवाकडं बघितलं, मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि काठी फिरायला लागली. कानात वारं शिरल्यासारखा आवाज. एक फेरा. दोन. तिसऱ्याला ती वरून आली.

टोपी दबली. धैर्याचे गुडघे वाकले आणि पुन्हा सरळ झाले. डोळे उघडे. तो उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं. वर्षभरानं. ते अर्धंच आलं होतं.

वस्तादांचं मनगट वळलं. काठीचं दुसरं टोक खालून वर गेलं आणि त्याच जागी उतरलं.

नारळाचा आवाज आला नाही.

धैर्या बसला. पडला नाही, बसला, मांडी घालून, जेवायला बसावं तसा. कानातून एक बारीक लाल धार मानेवर आली. मग तो एका कुशीवर कलंडला आणि त्याचे पाय माती उकरायला लागले. टाचांनी. दोन चर पडले मातीत. मी ते चर बघत होते. कुणीतरी किंचाळत होतं, आणि ते कुणी बाई असावं असं मला वाटत होतं, आणि ती मीच होते.

मी भिंतीवरची काठी ओढली. माळेसकट. झेंडू तुटून सगळीकडं उधळले. वस्तादांनी मला येताना बघितलं. त्यांनी हातातली काठी टाकून दिली. हात पाठीमागं घेतले.

पहिला फटका त्यांच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. ते मोडलं. माझ्या हातालाच कळलं, सुकी फांदी मोडावी तसं. दुसरा तोंडावर. दोन दात मातीत पडले. ते उभेच.

"मार," ते म्हणाले. तोंडात रक्त, म्हणून शब्द नीट फुटत नव्हते. "जोड हाय ती, पोरी. माणसाला मारायचा वार जोडीनंच येतो. तुला दावली हुती की. फळीवर."

टक्-टक्.

"मडक्याला मारला तवा एकच मारला. मडक्याला जोड कशाला मारू?"

मारुतीनं मला मागून कव घालून उचललं. मी त्याच्या हाताला चावले. त्यानं सोडलं नाही. माझ्या पाठीवरची सॅक त्याच्या छातीत आणि माझ्या पाठीत चेंगरत होती.

सातवा थर

धैर्या वाचला. डोक्याचं हाड काढून, महिनाभरानं परत बसवून. चाळीस दिवसांनी तो पहिला शब्द बोलला: "पाणी." मग शब्द एकेक करून आले, सगळे आले नाहीत. उजव्या हाताची मूठ वळत नाही. कानशिलाच्या वर एक खड्डा आहे. त्यात अंगठा बसतो.

पोलीस चौकीत मी जबाब दिला. "एकच फटका ठरला होता. त्यांनी दोन मारले."

काही ठरलं नव्हतं. पण सही केली.

वस्तादांना तो जबाब वाचून दाखवला तेव्हा ते मोडलेल्या बाजूचा हात झोळीत अडकवून बाकावर बसले होते. "बरोबर?" हवालदारानं विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ताई म्हणतीया तर बरोबर," ते म्हणाले. तोवर ते मला नुसतं पद्मा म्हणायचे. किरणच्या वडिलांनीच पुढं मध्यस्थी केली आणि खटला उभा राहिला नाही. वस्तादांनी तालमीची किल्ली मारुतीकडं दिली, गावाकडं गेले, पुन्हा काठी धरली नाही.

मी मात्र काम सोडलं नाही. कापून टाकलेला सुळका परत चिकटवला आणि त्यावर शोधनिबंध लिहिला. डोक्याच्या संरक्षणाच्या जाळ्या एकाच फटक्यावर तपासतात. खरा वार जोडीनं येतो. पाऊण सेकंदानं दुसरा फटका मारून बघितला पाहिजे. निबंध गाजला. लोक माझ्या चाचणीला माझं नाव लावून ओळखायला लागले. मी भाषणांत भावाची गोष्ट सांगायचे. चूक माझी होती, मी दुसरा सुळका कापला, असं सगळ्यांसमोर सांगायचे. लोकांचे डोळे भरून यायचे. एवढ्या प्रामाणिकपणे कोण सांगतं, म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी वस्ताद गेले. मारुतीचा फोन आला होता. मी गेले नाही.

पाचवा थर

चौथा आणि सहावा यांच्यामध्ये, म्हणजे मी "मारा" म्हटल्यापासून काठी फिरायला लागेपर्यंत, मोजून दीड मिनिट गेलं असेल.

धैर्या टोपी घ्यायला माझ्याजवळ आला. टोपी माझ्या हातात होती. मी अंगठा आत घालून जाळी दाबली. अंगठा सहज आत गेला. घरून निघताना दाबली तेव्हा तो गेला नव्हता. मडक्यावरच्या वारानं ती थकली होती. चार महिने रोज सकाळी मी ह्याच जाळ्या दाबत होते. माझ्या अंगठ्याला कळायला वही लागत नव्हती.

आणि सॅकमध्ये दुसरी होती. नवी. आदल्या दिवशी छापलेली. करडं प्लास्टिक संपलं म्हणून निळ्यात छापली होती. मडक्याचा खेळ झाला की बदलायची म्हणूनच आणली होती. माझ्या अक्षरात तिच्यावर चिठ्ठी होती.

मी सॅकचा पट्टा खांद्यावरून खाली घेतला.

"काय गं, काय काढतीस?" मारुतीनं विचारलं. बरा माणूस. सहज विचारलं त्यानं.

"हात्तिच्या, दुसरी घालती व्हय!" मागून कुणीतरी ओरडलं. "मडक्याला येक, माणसाला येक!"

"आतनं लोखंड बसवलं आसंल!"

पुन्हा हशा. मघाचा हशा माझ्या बाजूचा होता. हा नव्हता. वस्ताद हसले नाहीत. ते थांबले होते, वाट बघत. मी म्हणाले असते, 'थांबा, बदलायला लागते, हिला एक दिवस विश्रांती लागते,' तर ते थांबले असते. तासभर थांबले असते. दुसऱ्या दिवशी या म्हणाले असते.

पण एक दिवस विश्रांती लागणारी ढाल. ते त्या पन्नास-साठ माणसांसमोर तोंडातून काढायचं. चौदा मुली बघत होत्या. काड्या थकतात हे त्यांना कसं सांगायचं? एका फटक्याला पुरेल की, मला वाटलं. एकाच फटक्याला तर पुरायचीय.

मी पट्टा परत खांद्यावर चढवला.

धैर्यानं टोपी डोक्यावर घेतली. वाकून माझ्या कानाशी आला. अंगाला लहानपणापासूनचा तोच वास, खोबरेल तेलाचा.

"ताई, बरोबर हाय न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

तळ

सगळे थर दबले की जाळी ही जाळी राहत नाही. भोकं संपतात, भरीव वडी होते. तिच्यावर मग काहीही मारा, सगळं जसंच्या तसं खाली पोचतं.

धैर्या आता माझ्याच प्रयोगशाळेत असतो. वजनाची खीळ ओढायचं काम त्याचं. डाव्या हातानं ओढतो. प्रत्येक चाचणीआधी मान वळवून विचारतो, "ताई, बरोबर हाय न्हवं?" शब्द कमी उरलेत, पण हे वाक्य अख्खं राहिलंय. मी नुसती मान हलवते. 'हो' म्हणत नाही. अकरा वर्षांत त्याला म्हटलेलं नाही.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवायची होती. कपाटं रिकामी करायला मी त्याला सांगितलं आणि फोनवर बोलत बाहेर गेले. परत आले तर जुनी सॅक टेबलावर. उघडी. तो खुर्चीत बसून निळी जाळी डोळ्यांजवळ धरून चिठ्ठी वाचत होता. त्याला अक्षरं सुटी सुटी लावावी लागतात.

"न... वी," तो म्हणाला. "खंडे... नवमी."

मी दारात उभी.

त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली. मग उठला, जाळी मनोऱ्याखाली ठेवली, चारी बाजूंनी सारखी केली. दोन फटक्यांची कळ लावली. पाऊण सेकंद.

अकरा वर्षांत हे प्लास्टिक विटतं, काड्या ठिसूळ होतात. ती पहिल्याच फटक्याला जाईल, मी मनात म्हटलं. जावी. दुसऱ्याला तरी जावी.

त्यानं मान वळवली. "ताई, बरोबर हाय न्हवं?"

"धैर्या, ती—" मी म्हणाले. 

त्यानं जरा वेळ वाट बघितली आणि खीळ ओढली.

टक्-टक्.

पडद्यावर दोन आकडे आले. तीन पूर्णांक दोन. चार पूर्णांक चार. दोन्ही पाचाच्या आत.

आकडे तो चांगले वाचतो. वाचले. जाळी बाहेर काढली, झटकली, आणि डाव्या हातानं डोक्यावर, त्या खड्ड्याच्या जागी धरून बघितली. हळूहळू ती फुगून पहिल्यासारखी झाली.

"ताई," तो म्हणाला. "चांगली हुती की."